फाउंडर्स ऑनलाइन : अमेरिकेच्या संस्थापकांचा खुला दप्तरखाना

जॉर्ज वॉशिंग्टन, जॉन अ‍ॅडम्स, थॉमस जेफरसन, जेम्स मॅडिसन, अलेक्झांडर हॅमिल्टन, बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन जे या सात नेत्यांविषयी ज्याला ऐकीव माहितीच्या पलीकडचे काही जाणून घ्यायचे असेल, त्याने एखादे जाडजूड चरित्र हाती घेण्याआधी काही संध्याकाळी ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर घालवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेच्या सहकार्याने जून २०१३ मध्ये ही सेवा सर्वांसाठी खुली केली. तिला वर्गणी नाही, नावनोंदणीची अट नाही आणि आपण कोण, कुठले, कशासाठी वाचता, याची चौकशीही नाही. या सात जणांनी लिहिलेली आणि त्यांना आलेली पत्रे, रोजनिश्या, भाषणांचे मसुदे, सरकारी टिपणे आणि हिशेबाच्या वह्या मिळून १,८०,००० हून अधिक दस्तऐवज येथे एकाच ठिकाणी शोधता येतात. मात्र या सेवेचे खरे मोल संख्येत नाही. पत्र, त्याला आलेले उत्तर आणि संपादकांची तळटीप या तिन्ही गोष्टी एकत्र वाचायला मिळाल्या की सुभाषितांपुरता उरलेला नेता पुन्हा माणूस म्हणून समोर उभा राहतो, आणि तो नेहमीच आपल्याला आवडेल असा असतो असे नाही.

ही सामग्री २०१३ मध्ये तयार झालेली नाही. तिच्यामागे अनेक विद्यापीठांची कित्येक दशकांची मेहनत आहे. जेफरसनच्या कागदपत्रांचा पहिला खंड प्रिन्स्टन विद्यापीठातून १९५० मध्ये निघाला आणि पुढच्या अशा सर्व प्रकल्पांना त्याने वाट घालून दिली. अ‍ॅडम्स घराण्याचे कागद मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहेत, फ्रँकलिनचे काम येल विद्यापीठात झाले, वॉशिंग्टन आणि मॅडिसन यांचे व्हर्जिनिया विद्यापीठात, तर कोलंबिया विद्यापीठाने हॅमिल्टनचे २७ खंड १९६१ ते १९८७ या काळात पूर्ण केले. यांतील काही प्रकल्प सात दशकांनंतरही चालूच आहेत. छापील खंड महाग, वजनदार आणि मोठ्या ग्रंथालयांपुरते मर्यादित होते. त्यामुळे सार्वजनिक पैशाचाही हातभार लागलेले हे काम सार्वजनिक वाचकापर्यंत मात्र क्वचितच पोचत होते. ती कोंडी या संकेतस्थळाने फोडली.

वापरायला ही सेवा सोपी आहे. शब्द टाकून शोध घ्यावा आणि निकाल फार आले तर लेखक, पत्र ज्याला लिहिले ती व्यक्ती, कालखंड किंवा मूळ प्रकल्प यांनुसार ते गाळून घ्यावेत. एखादे पत्र उघडले की वर कोणी, कोणाला, कधी लिहिले हे दिसते, मधे मूळ मजकूर त्या काळच्या शुद्धलेखनासह जसाच्या तसा असतो आणि खाली संपादकांच्या टिपा असतात. या टिपांकडे बरेच वाचक पाहतच नाहीत, ते मोठेच नुकसान आहे. आपण वाचतो ते प्रत्यक्ष पोचलेले पत्र आहे, पाठवणाऱ्याने ठेवून घेतलेली स्थळप्रत आहे, की कधी रवानाच न झालेला मसुदा आहे, हे त्या टिपांतच सांगितलेले असते. जेफरसनची बाब तर विशेष सांगण्यासारखी आहे. खास शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबून तो नक्कल घेत असे, पुढे एका लेखणीबरोबर दुसरी लेखणी चालवणारे यंत्र त्याने आणले, आणि १७८३ पासून मृत्यूपर्यंत पत्रांच्या आवक-जावकीची नोंदवही त्याने नेमाने ठेवली. त्यामुळे आज हरवलेली पत्रेसुद्धा संपादकांना तारखेनिशी ठाऊक असतात.

काही दस्तऐवजांच्या माथ्यावर, ही अंतिम आवृत्ती नसून आगाऊ उपलब्ध करून दिलेली प्रत आहे, अशी सूचना दिसते. छापील खंड निघण्याआधी केवळ मजकूर उतरवून हे कागद येथे ठेवलेले आहेत. त्यांना टिपा नाहीत, म्हणून अनोळखी नावे आणि संदर्भ आपले आपणच शोधावे लागतात. तरीही टिपांची वाट पाहत मजकूर वर्षानुवर्षे अडवून ठेवण्यापेक्षा तो असा खुला करणे शहाणपणाचे आहे, आणि सूचना ठळकपणे दिलेली असल्याने वाचकाची फसगत होत नाही.

या सेवेची ताकद कशात आहे, हे एका शोधावरून सांगतो. शोधाच्या चौकटीत बेंजामिन बॅनेकर हे नाव टाकावे. बॅनेकर हा मेरीलँडचा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी. खगोलगणित तो बव्हंशी स्वतःच्या कष्टाने शिकला होता, आणि नव्या राजधानीच्या जागेची मोजणी चालू असताना १७९१ मध्ये त्याने अँड्र्यू एलिकटच्या हाताखाली काम केले होते. १९ ऑगस्ट १७९१ रोजी त्याने परराष्ट्रमंत्री जेफरसनला आपल्या पंचांगाचे हस्तलिखित पाठवले आणि सोबत एक लांबलचक पत्र लिहिले. ज्या माणसाने सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत असे लिहिले, त्याच माणसाने माझ्या इतक्या बांधवांना फसवणुकीने आणि बळजबरीने दास्यात डांबून ठेवावे, ही किती शोचनीय गोष्ट आहे, असे त्या पत्रात बॅनेकर जेफरसनला त्याच्याच शब्दांची आठवण देऊन सुनावतो. त्याची भाषा कमालीची नम्र आहे आणि त्यातला आरोप तितकाच थेट आहे. जेफरसनने ३० ऑगस्टला उत्तर दिले. तुम्ही पाठवलात तसे पुरावे पाहण्याची माझ्याइतकी इच्छा दुसऱ्या कोणालाही नसेल, असे म्हणून त्याने हे पंचांग पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा सचिव कोंदोर्से याच्याकडे पाठवत असल्याचे कळवले. अनेक पुस्तकांत ही गोष्ट येथेच थांबते, आणि वाचकाच्या मनात उदार, गुणग्राहक जेफरसन राहतो.

शोधाचे निकाल मात्र पुढे जातात. ८ ऑक्टोबर १८०९ चे जोएल बार्लो या मित्राला लिहिलेले पत्र त्यांत येते. अध्यक्षपदावरून उतरलेला जेफरसन त्यात खासगीपणे लिहितो की, बॅनेकरला पंचांग करण्यापुरते गोलीय त्रिकोणमिती येत होते हे खरे, पण त्यातही एलिकटची मदत असावी असा संशय आहे, आणि त्याचे जे लांब पत्र माझ्यापाशी आहे त्यावरून त्याची बुद्धी अगदीच सामान्य दर्जाची दिसते. ज्या पत्राला त्याने सौजन्याने उत्तर दिले होते, त्याच पत्राचा हा दाखला आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत फ्रान्सच्या आबे ग्रेग्वारला कृष्णवर्णीयांच्या बुद्धिमत्तेविषयी लिहिलेले त्याचे मवाळ पत्रही येथे आहे, आणि ग्रेग्वारला आपण सौम्य उत्तर देऊन टाकल्याची कबुली बार्लोच्या पत्रात आहे. ही पत्रे तारखेच्या क्रमाने वाचली की जेफरसनच्या सौजन्याला किती पदर होते, ते दुसऱ्या कोणी समजावून सांगावे लागत नाही. पूर्वी यासाठी वेगवेगळे खंड मागवून सूची चाळत बसावे लागले असते. आता तो एका नावाचा शोध आहे.

राजकीय भांडणांसाठीही ही सेवा तितकीच उपयोगी पडते. वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात जेफरसन परराष्ट्र खाते आणि हॅमिल्टन अर्थ खाते सांभाळत होते. राष्ट्रीय बँकेच्या वैधतेवर दोघांनी फेब्रुवारी १७९१ मध्ये दिलेली परस्परविरोधी मते येथे पूर्ण वाचता येतात, आणि राज्यघटनेचा अर्थ शब्दाला धरून लावायचा की तिच्या उद्दिष्टांना धरून, हा आजवर चाललेला वाद तेथे ऐन तारुण्यात दिसतो. पण माझ्या मते त्याहून बोलकी आहे ती १७९२ ची पत्रांची जोडी. मंत्र्यांची वृत्तपत्रांतून चाललेली चिखलफेक पाहून व्यथित झालेल्या वॉशिंग्टनने २३ ऑगस्टला जेफरसनला आणि २६ ऑगस्टला हॅमिल्टनला पत्र लिहून एकमेकांच्या मतांविषयी थोडी उदारता बाळगा, अशी विनवणी केली. दोघांनीही एकाच दिवशी, ९ सप्टेंबर १७९२ रोजी उत्तर लिहिले, जेफरसनने माँटिसेलो या आपल्या घराहून आणि हॅमिल्टनने फिलाडेल्फियाहून. आपण दुखावलेला पक्ष आहोत असे हॅमिल्टन म्हणतो, आणि वृत्तपत्रांतील प्रतिहल्ल्यांत आपला काही हात असल्याचे प्रांजळपणे मान्य करतो. जेफरसनचे उत्तर अधिक लांब आणि अधिक कडवट आहे. ज्या देशाने या माणसाला आश्रय आणि अन्न दिले व वर मानसन्मानही दिले, त्याच देशाच्या स्वातंत्र्याविरुद्ध रचलेल्या कारस्थानांखेरीज त्याच्या इतिहासात काही नाही, अशा आशयाचे वाक्य त्यात आहे, आणि इतिहासाने त्याची दखल घेण्याइतके खाली वाकावे लागेल असा टोमणाही त्याला जोडलेला आहे. वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावर जन्मलेल्या, पोरक्या हॅमिल्टनविषयी व्हर्जिनियाच्या जमीनदाराच्या मनात काय होते, ते या वाक्याइतके स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेले नाही. वॉशिंग्टनची विनवणी आणि ही दोन उत्तरे सलग वाचणाऱ्याला अमेरिकेत पक्ष कसे जन्मले, याचा निम्मा उलगडा होतो.

वॉशिंग्टनविषयी लिहिताना बहुतेकांची लेखणी जपून चालते. येथे मात्र त्याचे १२ एप्रिल १७९१ चे रिचमंडहून लिहिलेले पत्र आहे. राजधानी तेव्हा फिलाडेल्फियात होती. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून येऊन राहिलेल्या मालकाचे गुलाम सलग सहा महिने तेथे राहिले तर त्यांना मुक्त होता येत असे. आपल्या घरच्या गुलामांना मुदत भरण्याआधी राज्याबाहेर नेऊन आणावे, आणि हे अशा निमित्ताने करावे की त्यांना व लोकांनाही खरा हेतू कळू नये, अशी सूचना वॉशिंग्टनने आपला सचिव टोबायस लिअर याला या पत्रात दिली. राष्ट्राध्यक्षाने आपल्या हाताने लिहिलेली ही फसवणुकीची सूचना आहे. पुढे १७९६ मध्ये ओना जज ही मार्था वॉशिंग्टनची दासी फिलाडेल्फियातील अध्यक्षीय निवासातून निसटून न्यू हॅम्पशायरला गेली, तेव्हा तिला परत आणण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांमार्फत केलेल्या प्रयत्नांची पत्रेही आहेत. आणि याच माणसाचे ९ जुलै १७९९ चे मृत्युपत्रही येथेच आहे. आपल्या मालकीचे गुलाम पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत, म्हाताऱ्या व दुबळ्यांना अन्नवस्त्र मिळावे, अनाथ मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे, आणि युद्धात सतत बरोबर असलेल्या विल्यम ली याला तत्काळ मुक्त करून वर्षाला ३० डॉलर द्यावेत, असे त्याने त्यात लिहून ठेवले. त्या वर्षी माउंट व्हर्नन या त्याच्या इस्टेटीवर ३१७ गुलाम होते. त्यांतील १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते, आणि मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या, इस्टेटीतून आलेल्या गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार त्याला नव्हता. रिचमंडचे पत्र आणि हे मृत्युपत्र यांत आठ वर्षांचे अंतर आहे. दोन्ही वाचल्यावर वॉशिंग्टनला एका शब्दात बसवणे कोणालाही जड जाईल, आणि ते जड जाणेच योग्य आहे.

या साऱ्या संग्रहातील सर्वांत देखणा भाग कोणता, असे कोणी विचारले तर मी अ‍ॅडम्स आणि जेफरसन यांच्या उतारवयातील पत्रव्यवहाराकडे बोट दाखवीन. १८०० च्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले हे जुने मित्र त्यानंतर अबोल झाले होते. १८०४ मध्ये जेफरसनची मुलगी मेरी वारली. लहानपणी लंडनला आलेल्या त्या मुलीला जॉनची पत्नी अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स हिने काही दिवस सांभाळले होते. मायेपोटी अ‍ॅबिगेलने २० मे रोजी जेफरसनला सांत्वनाचे पत्र लिहिले, त्यावर उत्तर आले, मग राजकारणाचा जुना सल वर आला आणि काही पत्रांनंतर तो व्यवहार पुन्हा तुटला. अ‍ॅबिगेलच्या शेवटच्या पत्राच्या नकलेवर जॉन अ‍ॅडम्सने त्या नोव्हेंबरात लिहिलेला शेरा संपादकांनी जपला आहे. हा सारा पत्रव्यवहार आपल्याला न कळवता, आपल्याला शंकाही येऊ न देता झाला, पत्नीच्या इच्छेवरून काल रात्री आणि आज सकाळी आपण तो सगळा वाचला, आणि या वेळी, या ठिकाणी आपल्याला त्यावर काहीही म्हणायचे नाही, असा तो शेरा आहे. मी त्या शेऱ्यावर बराच वेळ थांबलो होतो. नवऱ्याचा दुखावलेला अभिमान, पत्नीविषयीचा आदर आणि तुटलेली मैत्री हे सारे त्या मोजक्या वाक्यांत आहे.

समेट घडवला तो डॉक्टर बेंजामिन रश यांनी. हे दोघे पुन्हा पत्रे लिहू लागले आहेत आणि पुढे जवळजवळ एकाच वेळी कबरीत गेले आहेत, असे आपल्याला स्वप्न पडल्याचे त्यांनी १७ ऑक्टोबर १८०९ च्या पत्रात अ‍ॅडम्सला कळवले. अखेर १ जानेवारी १८१२ रोजी अ‍ॅडम्सने चार ओळी लिहिल्या. तुम्ही अमेरिकी मालाचे, त्यातही घरगुती मालाचे चाहते आहात, म्हणून घरच्या मागावरचे दोन नग वेगळ्या टपालाने पाठवीत आहे, असे त्याने थट्टेने म्हटले. ते नग म्हणजे मुलगा जॉन क्विन्सी याच्या वक्तृत्वशास्त्रावरील व्याख्यानांचे दोन खंड होते. पत्र आधी पोचले, पुस्तके मागे राहिली. जेफरसनने २१ जानेवारीच्या उत्तरात व्हर्जिनियातील सूतकताई आणि विणकाम यांवर मनापासून माहिती लिहिली, आणि मग आपण दोघे संकटांच्या काळात एकाच कार्यात राबणारे सोबती होतो, या आठवणीकडे तो वळला. पुस्तके हाती आल्यावर, या उत्तरानंतर दोनच दिवसांनी, त्याने पुन्हा लिहिले. अशी सुरू झालेली ही पत्रे दीडशेच्या वर गेली. ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, दोघेही काही तासांच्या अंतराने वारले.

मात्र जे कागद उरले त्यांचाच हा दप्तरखाना आहे, हे वाचकाने सतत ध्यानात ठेवले पाहिजे. जॉन आणि अ‍ॅबिगेल यांची सुमारे १,१०० पत्रे शिल्लक आहेत, म्हणून त्यांचा संसार आपल्याला जवळून दिसतो. ३१ मार्च १७७६ च्या पत्रातील नव्या कायद्यांत बायकांना विसरू नका हे अ‍ॅबिगेलचे बजावणे आणि जॉनने १४ एप्रिलला ते हसण्यावारी नेणे, दोन्ही आपण वाचू शकतो. मार्था वॉशिंग्टनने नवऱ्याची पत्रे नष्ट केली. बोटांवर मोजण्याइतकी वाचली, त्यांत सेनापतिपद स्वीकारल्याची बातमी देणारे १८ जून १७७५ चे पत्र आहे. जेफरसनने आपल्या पत्नीशी झालेला पत्रव्यवहार शिल्लक ठेवला नाही. ज्यांना लिहू दिले गेले नाही, त्यांची गोष्ट तर याहून वेगळी आहे. १७८७ च्या जूनमध्ये जेफरसनची धाकटी मुलगी लंडनला उतरली, तेव्हा तिच्यासोबत म्हातारी दाई यायची होती. ती आजारी पडल्याने तिच्याऐवजी एक पोरगी आली आहे, असे अ‍ॅबिगेलने जेफरसनला कळवले. ही स्वतःच लहान आहे, कप्तानाच्या मते तिचा फारसा उपयोग नाही, तेव्हा त्याने तिला परत न्यावे हे बरे, पण स्वभावाने ती चांगली दिसते आणि मुलीवर तिचा जीव आहे, एवढेच पत्रात येते. त्या पोरीचे नाव पत्रात कुठेही नाही. ती होती चौदा वर्षांची सॅली हेमिंग्ज. पुढे तिच्या मुलांच्या पितृत्वाचा प्रश्न जेफरसनच्या नावाला कायमचा जोडला गेला. संपादकांच्या टिपा नसत्या तर शोधाच्या चौकटीत तिचे नाव टाकणाऱ्याला हे पत्र दिसलेही नसते. म्हणूनच या सेवेचा उपयोग करताना नावाबरोबर स्थळ, तारीख आणि सोबतची माणसे यांवरूनही शोध घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मराठी वाचकाला पत्रांतून इतिहास वाचण्याची सवय जुनी आहे. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून मिळवलेली साधने आणि सरदेसायांनी ४५ भागांत छापलेली पेशवे दप्तरातील निवड यांवर आपल्याकडे अभ्यासकांच्या पिढ्या घडल्या, आणि अस्सल पत्राचा आधार असल्याशिवाय बखरीतील गोष्ट मानू नये, हा संस्कार त्यातून झाला. त्या संस्कारातून आलेल्या वाचकाला येथे परके वाटणार नाही. उलट, यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पुढे टिपूविरुद्ध मराठ्यांच्या बरोबरीने लढताना ज्याने वाचलेला आहे, त्याला वॉशिंग्टनने १९ ऑक्टोबर १७८१ रोजी काँग्रेसला पाठवलेले शरणागतीचे वृत्त वाचताना दोन इतिहासांचा सांधा आपोआप दिसेल.

आता मर्यादा. येथे केवळ सात नेत्यांची दप्तरे आहेत. जेम्स मन्रो, पॅट्रिक हेन्री, जॉर्ज मेसन, जॉन मार्शल किंवा हॅमिल्टनला द्वंद्वात मारणारा आरन बर हे सारे येथे भेटतात ते या सातांशी झालेल्या पत्रव्यवहारापुरते. मन्रो पाचवा अध्यक्ष असूनही त्याला स्वतंत्र जागा नसावी, हे मला खटकते. मूळ हस्तलिखितांची छायाचित्रे येथे नाहीत. अक्षर पाहायचे असेल तर वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन आणि हॅमिल्टन यांच्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, आणि अ‍ॅडम्स कुटुंबासाठी मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर जावे लागते. अठराव्या शतकातील लेखक एकच शब्द अनेक प्रकारे लिहीत, तेव्हा पहिल्या शोधात काही मिळाले नाही म्हणून ते पत्र नाहीच, असे मानू नये. संपादकांच्या टिपांचा काळही पाहावा. १९५० च्या दशकातील टिपांत गुलामांविषयी असलेले मौन आणि अलीकडच्या खंडांत त्यांच्या नावानिशी घेतलेला शोध, हा फरक स्वतःच अभ्यासाचा विषय आहे. समाजमाध्यमांवर जेफरसनच्या किंवा फ्रँकलिनच्या नावावर फिरणारे एखादे वाक्य खरे आहे का, हे पडताळण्यासाठीही ही सेवा उत्तम आहे. मूळ वाक्य सापडले नाही तर ते वापरू नये. सापडले, तर त्याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद वाचल्याशिवाय वापरू नये.

नवख्या वाचकाने प्रसिद्ध घोषणांपासून सुरुवात करू नये, एडवर्ड कोल्सपासून करावी. हा जेफरसनच्याच परिसरातला तरुण, अध्यक्ष मॅडिसनचा खासगी सचिव. ३१ जुलै १८१४ रोजी त्याने जेफरसनला लिहिले की व्हर्जिनियातून गुलामगिरी नाहीशी करण्याच्या कामाचे नेतृत्व आपण करावे. जेफरसनने २५ ऑगस्टला दिलेले उत्तर तत्त्वतः पूर्ण सहमतीचे आहे. पण हे म्हणजे होमरच्या काव्यातील म्हाताऱ्या प्रायम राजाला त्याचा योद्धा मुलगा हेक्टर याचे चिलखत चढवायला सांगण्यासारखे आहे, हे काम तरुणांचे आहे, असे सांगून त्याने आपले अंग काढून घेतले, आणि कोल्सने आपले गुलाम सोडून राज्याबाहेर जाऊ नये असा सल्लाही दिला. कोल्सने २६ सप्टेंबरला आदर न सोडता फ्रँकलिनचा दाखला दिला. फ्रँकलिन याहून अधिक वयाचा असताना याच कामात उतरला होता, याची आठवण त्याने करून दिली. १८१९ मध्ये इलिनॉयला स्थलांतर करताना कोल्सने आपले गुलाम मुक्त केले, आणि पुढे तो त्या राज्याचा गव्हर्नर झाला. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ही तीन पत्रे एका बैठकीत, तारखेच्या क्रमाने आणि टिपांसकट वाचावीत. त्यासाठी शोधात कोल्सचे नाव आणि १८१४ हे वर्ष टाकले की पुरे.